‘साउंड?’ असं विचारलं की काय सांगायचं

टेक कट झाला की दिग्दर्शक आधी कॅमेऱ्याकडे बघतो. ‘कॅमेरा?’ ‘ओके.’ मग मान आमच्याकडे, आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांकडे वळते. ‘साउंड?’ उत्तराला फार तर पाच सेकंद मिळतात, कारण तेवढ्यात लाईटदादांनी स्टँडला हात घातलेला असतो आणि मेकअपदादा पफ घेऊन निघालेले असतात.

माझं पहिलं शूट वाईजवळच्या एका वाड्यात होतं. मी केबल गुंडाळणारी पोरगी. दुपारी रेकॉर्डिस्ट दादा पाच मिनिटं बाजूला गेले आणि त्यांचा हेडफोन माझ्या कानावर आला. टेक झाला. ‘साउंड?’ मी म्हणाले, ‘जरा कसंतरीच येतंय.’ सगळा सेट हसला. ‘कसंतरी म्हणजे काय गं? परत करायचं की पुढे जायचं?’ मला सांगताच येईना. नटी ताईंच्या मंगळसूत्राचे मणी लेपलवर, म्हणजे कपड्यात लावलेल्या छोट्या माईकवर, आपटत होते, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. पण त्याला काय म्हणतात आणि ते दूर करायला कुणाला हाक मारायची, हे ठाऊक नव्हतं.

नवीन मुलं मला शब्दांची यादी मागतात. यादी पाठ करून फार काही होत नाही. त्या पाच सेकंदांत कोणता शब्द उपयोगी पडेल, या हिशेबानेच मी ते शिकले आणि इथेही तसेच सांगते.

सुरुवात बूमपासून. लांब काठी, टोकाला माईक. त्यातल्या लांबट नळीच्या माईकला बातम्यांवाले गन माईक म्हणतात, आम्ही शॉटगन. ती दुर्बिणीसारखी लांबचा आवाज जवळ ओढते असा बहुतेकांचा समज असतो, माझाही होता. प्रत्यक्षात ती बाजूंनी येणारा आवाज कमी करते, बाकी काही जादू नाही. मोकळ्या जागेत तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने पडतो. खोलीत मात्र भिंतींवरून येणारा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. म्हणून संवाद घुमतोय असं वाटलं तर गेन, म्हणजे रेकॉर्डरवर माईकचा आवाज मोठा करायची खुंटी, वाढवून उपयोग नाही. बोलणं वाढेल तसा घुमाराही वाढेल. अशा वेळी उत्तर असं: ‘बूम लांब पडतोय. फ्रेमची कड कुठे आहे?’ ही कड कॅमेरा असिस्टंटला विचारायची आणि त्याच्याशी पहिल्या दिवसापासून सख्य ठेवायचं. बूम फ्रेममध्ये आला किंवा सावली पडली तर शिव्या तुम्हालाच आहेत, पण तो आधी खूण करेल तर वाचाल.

लहान खोलीत, खाली शहाबादी फरशी आणि वर कमी उंचीचं छत असेल, तर शॉटगन उलटी अंगावर येते. तिच्या नळीच्या फटींमधून भिंतींचे पडसाद शिरतात आणि आवाज पोकळ होतो. तिथे आखूड, हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारा) माईक बरा. तो नसेल तर गोधड्या, सतरंज्या, गाद्या, मिळेल ते फ्रेमच्या बाहेर अंथरा आणि टांगा. वाड्यात आम्ही घरमालकीणकाकूंच्या आठ गोधड्या घेतल्या होत्या. परत देताना घडी नीट घातली नाही म्हणून ऐकूनही घेतलं.

लेपल, त्यालाच कॉलर माईकही म्हणतात, हे वेगळंच प्रकरण. युनिटमध्ये मी एकटीच मुलगी, त्यामुळे अभिनेत्रींना लेपल लावायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यातच मी सगळ्यात जास्त शिकले. आधी सांगायचं, ‘ताई, वायर आतून घ्यावी लागेल, तुम्ही स्वतः वर ओढाल का?’ परवानगीशिवाय हात लावायचा नाही, माणूस कितीही ओळखीचं असो. मग कापड बघायचं. सुती साडी गुणी, फार बोलत नाही. पैठणीचा जरीचा काठ, कडक कांजीचा सदरा, सिंथेटिक ओढणी, ही सगळी कुरकुरणारी मंडळी. या घासण्याला रस्टल म्हणतात. उपाय म्हणजे माईकच्या दोन्ही बाजूंचं कापड टेपने माईकलाच चिकटवून टाकायचं. माईक आणि कापड एकत्र हलले की घासायला काही उरत नाही. मंगळसूत्राला मात्र टेप चालत नाही. एक तर माईक वाटीच्या वर सरकवा, नाहीतर ड्रेसवाल्या ताईंना सांगून मंगळसूत्र आतून साडीला पिन करून घ्या. कंटिन्यूइटी, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं सारखं दिसतंय ना हे, बघणाऱ्याला विचारूनच, नाहीतर पुढच्या शॉटमध्ये मंगळसूत्र नाचायला लागतं.

बूम आणि लेपल दोन्ही चालू असले तर रेकॉर्डरवर ते वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे. एकच आवाज दोन माईकवर थोड्या वेगळ्या वेळी पोचतो. दोन्ही एकत्र मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खाऊन टाकतात आणि माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. याला फेजचा घोळ म्हणतात. ‘डब्यातून येतंय’ असं म्हणालात तर संकलकाला कळेल, ‘फेज’ म्हणालात तर लगेच कळेल.

आता लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात नोंदला जातोय ते. डिजिटल मीटरवर शून्य हे छत आहे, आकडे उणेमध्ये वाचायचे. साधं बोलणं उणे 20 च्या आसपास, जोरातला शब्द उणे 12 ते 10 पर्यंत, अशी माझी सवय. वरची रिकामी जागा म्हणजे हेडरूम. ती कशासाठी ठेवायची, हे एका ज्येष्ठ नटांनी शिकवलं. तालमीत ते पुटपुटले, मी गेन वर चढवला, टेकमध्ये त्यांनी खच्चून आरोळी ठोकली. मीटर लाल, आवाज फाटका. हे क्लिपिंग. कापला गेलेला आवाज नंतर कुणीही शिवून देत नाही. तेव्हापासून मी तालमीआधीच विचारते, ‘काका, टेकमध्ये ओरडणार आहात का?’ हल्ली 32 बिट फ्लोट रेकॉर्डर आलेत, त्यांत लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते. पण माईकच ओरडण्याने भरून गेला असेल किंवा बूम लांब असेल, तर 32 बिटही तुमचं काही करू शकत नाही.

48 हा आकडा तुम्हाला दोनदा भेटेल आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. व्हिडिओसाठी सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ ठेवतात, म्हणजे सेकंदाला 48,000 मोजमापं, सीडीचा 44.1 इथे निवडू नका. दुसरा 48 व्होल्टचा. कंडेन्सर माईकला केबलमधूनच वीज द्यावी लागते, तिला फँटम म्हणतात. ‘माईक मेलाय’ म्हणून धावत सुटण्याआधी फँटमचं बटण बघा. मी दोनदा धावलेय. केबल एक्सएलआर (तीन पिनांची) आणि बॅलन्स्ड (वाटेत शिरलेला गोंगाट कमी करणारी) असावी, आणि लाईटच्या वायरीला समांतर टाकू नये, नाहीतर आपल्या विजेची 50 हर्ट्झची घूं मागे लागते. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

सेटवर ओरडण्याचा क्रम ठरलेला असतो: ‘रोल साउंड’, आपण म्हणायचं ‘स्पीड’, मग ‘रोल कॅमेरा’, मग क्लॅप. स्पीड हा शब्द टेपच्या काळातला. मोटर पूर्ण वेगात यायला क्षणभर लागायचा. आज फाईल लगेच सुरू होते, शब्द राहिलाय. 25 फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेममध्ये 1,920 सॅम्पल बसतात, आणि क्लॅपची फळी मिटते ती फ्रेम नि तो ‘टक्’ एकमेकांवर बसवला की सिंक झाला. रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळं वेगळी असतात, त्यामुळे लांब मुलाखतीत आवाज हळूहळू सरकतो. मी अर्ध्या तासाने मध्येच टाळी वाजवून घेते. पाहुणे बावरतात, पण चालतं.

शूटिंगच्या वेळचा आवाज सिनेमात वापरायचा की नंतर डबिंग करायचं, हा आपल्याकडचा जुना वाद. 1931 च्या ‘आलम आरा’च्या वेळी डबिंगची सोयच नव्हती; स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून बरंच शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर केलं गेलं. पुढे अनेक वर्षं हिंदीत कॅमेरे खडखडणारे आणि सगळं डबिंग, अशी पद्धत होती. 2001 च्या ‘लगान’ने सिंक साउंडची, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज वापरण्याची, चर्चा पुन्हा घडवली. आजही ‘पायलट घे’ असं सांगितलं तर समजा की हे डब होणार आहे. तुमचा आवाज फक्त वाटाड्या. तरी नीटच घ्या. डबिंगच्या बजेटला कात्री लागली की तो पायलटच पडद्यावर जातो.

पाच सेकंदांतला सगळ्यात अवघड निर्णय गोंगाटाचा. पंखा, फ्रिज, जनरेटर हे सतत वाजणारे. ते नंतर बऱ्यापैकी कमी करता येतात, तरी बंद करता आले तर बंदच करा. (फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यात ठेवा. किल्ली घ्यायला उघडाल तेव्हा तो चालू करायची आठवण राहील, लोकांचं दूध नासणार नाही.) कुकरची शिटी, एसटीचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं हे अचानक येणारे. तिथे एकच प्रश्न: शब्दावर आला की दोन शब्दांच्या मध्ये? मध्ये आला तर ओके. शब्दावर आला तर, ‘एक टेक हवा, “नाही” या शब्दावर हॉर्न आहे.’ असं सांगितलं की कुणी हसत नाही. दुसरा टेक परवडत नसेल तर वाईल्ड घ्या, म्हणजे कॅमेरा बंद ठेवून तेवढाच संवाद त्याच जागी, त्याच तारेत लगेच बोलून घ्यायचा. नट भावनेतून बाहेर यायच्या आत.

आणि रूम टोन. प्रत्येक जागेची स्वतःची शांतता असते. सगळ्यांना जागच्या जागी उभं करून ती तीसेक सेकंद रेकॉर्ड करायची. एका माहितीपटाच्या शेवटच्या दिवशी निर्मात्याला गाड्या सोडायची घाई होती. मी संकोचले, मागितलाच नाही. आठवड्याने संकलकाचा फोन: ‘दोन वाक्यांच्या मध्ये भोकं पडतायत, काय भरू?’ गाव 300 किलोमीटर लांब. त्याने माझ्याच टेकमधल्या श्वासांमधले तुकडे गोळा करून कसंबसं भरलं. मला पुन्हा बोलावलं नाही.

पोस्टचे, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामाचे, शब्द सेटवर फार लागत नाहीत, पण कानावर असू द्या. पावलं, भांडी, कपड्यांची सळसळ स्टुडिओत नव्याने करतात ती फोली. पाखरं, रस्ता, पाऊस ही आंबियन्स. संवाद वगळून बाकी सगळं वेगळं ठेवतात तो एम अँड ई (म्युझिक अँड इफेक्ट्स) ट्रॅक, दुसऱ्या भाषेत डब करायला. शेवटी लाऊडनेस, म्हणजे एकूण कार्यक्रम कानाला किती मोठा वाटतो ते. तो एलयूएफएस या एककात मोजतात; युरोपातल्या टीव्हीचं मानक उणे 23. प्रत्येक चॅनेल आणि ओटीटीचा आकडा वेगळा, तो मिक्सच्या आधी लेखी मागून घ्या.

शिकायचं कुठे, असं विचाराल तर पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवरची एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था आहे, तिथे साउंडचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. प्रवेश मिळाला तर जाच. मला नाही मिळाला. मी बूम धरून शिकले, आणि दोन मिनिटांच्या टेकला खांदे थरथरायचे थांबायला मला चार महिने लागले.

दिवस संपला की साउंड रिपोर्ट भरायचा: सीन, टेक, कोणता माईक कोणत्या ट्रॅकवर, आणि शेरा. नवी मुलं शेऱ्याचा रकाना मोकळा सोडतात. त्या वाड्यात दादांनी तो मला भरायला लावला होता. मी लिहिलं, ‘टेक 2, आवाज बरोबर नाही.’ त्यांनी खोडलं आणि पेन परत माझ्या हातात दिलं. ‘टेक 2, लेपलवर मंगळसूत्र, “आई” शब्दापाशी दोनदा. बूम स्वच्छ.’ संकलकाने तो टेक बूमवरून वापरला.