ढब्बूची बंडी, ठाणे ते तुर्भे

ठाण्यात स्वेटर अंगावर चढवावा अशी थंडी वर्षातून मोजून आठ दिवस, तीही पहाटेची. त्यामुळे माझ्या विणकामाला हक्काचं गिऱ्हाईक एकच उरलंय, नातीचा टेडी. नाव ढब्बू. त्याला उकडत नाही आणि माप घेताना तो चुळबुळ करत नाही.

मी कोपरीतून रोज तुर्भ्याला जाते, मसाला मार्केटातल्या एका पेढीवर हिशेब लिहायला. गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे सकाळी बसायला मिळतं. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि तुर्भे येईपर्यंत ३२ टाक्यांच्या १४ ओळी होतात. अख्खी बंडी सात सकाळींत उरकते. संध्याकाळी मात्र उभ्यानं विणायच्या फंदात पडत नाही.

पहिली बंडी मी माणसाच्या बंडीसारखी विणली होती. पुढचा भाग, मागचा भाग, मधे गळा, डोक्यातून घालायची. कानांपर्यंत आली आणि अडकली. नातीनं जोर लावला तर बंडी जागची हलली नाही, ढब्बूचा एक कान मात्र उसवला. मग टेप लावून बघितलं. पोट ३० सेंटीमीटर, डोकं ३६! बहुतेक टेडींचं असंच असतं. म्हणून बंडी पुढून उघडीच हवी. बाकी काही चुकलं तर चालेल, हे चुकवू नका.

लोकर पंचवीस-तीस ग्रॅम पुरते. घरात उरलेले गुंडे काढा, ढब्बूसाठी नवीन लोकर आणायची गरज नाही. मी डीके, म्हणजे मध्यम जाडीची अॅक्रिलिक लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलीमीटरच्या सुया घेते. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत गंमत आहे, आकडा मोठा तशी सुई बारीक. १० नंबरची सुई सव्वातीन मिलीमीटरची. हे न कळल्यामुळे माझी एक मैत्रीण जाड म्हणून १२ नंबरच्या सुया घेऊन आली होती. गाडीत विणणार असाल तर तारेनं जोडलेली गोल सुई बरी, तिच्यावरही सरळ विणकाम होतं. माझी सुटी सुई एकदा रबाळ्याला हातातून निसटली आणि बाकांखालून घरंगळत पार दाराशी गेली. चार जणींनी पाय उचलले तेव्हा सापडली. आणखी एक, पांढरी लोकर मसाला मार्केटात नेऊ नका. हळदीचा हात लागला की ती बंडी जन्मभर पिवळी.

आता विणायला घ्या. सगळ्या ओळी सुलट, जाणारीही आणि येणारीही. उलट टाका येत नसला तरी काही बिघडत नाही. एक ओळ सुलट, एक उलट विणलं की कड आत गुंडाळते. इथे दोन्ही बाजू सारख्या, म्हणून कापड सपाट पडतं आणि वेगळा काठ लागत नाही. दोन ओळींची मिळून एक उठावाची रेघ दिसते. ओळी मोजू नका, रेघा मोजा. मधेच कुणी "काकू, ऐरोली गेलं का?" विचारलं तरी हिशेब चुकत नाही.

दोऱ्याचं दोन हात शेपूट सोडून ३२ टाके घाला. माझ्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसतात. तुमचा टेडी वेगळा असेल तर त्याच्या पोटाच्या घेराचा निम्मा घ्या आणि २.२ नं गुणा. घेर ३६ असेल तर निम्मा १८, टाके ४०. आकडा सम ठेवा.

प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणायचा नाही. दोरा पुढे ठेवून तो उलट टाक्यासारखा नुसता उजव्या सुईवर सरकवायचा, मग दोरा मागे नेऊन पुढचे टाके सुलट. कडेला छान साखळी पडते, आणि एका रेघेला एक साखळी असल्यामुळे शिवताना तीच कामी येते.

२४ रेघा झाल्या की पाठ झाली, साधारण ११ सेंटीमीटर. पुढच्या ओळीत गळा. ११ टाके विणा, मधले १० बंद करा. बंद केल्यावर उजव्या सुईवर एक टाका उरतो, तो दुसऱ्या खांद्याचा पहिला. त्याला धरून ११ व्हायला हवेत, म्हणजे आणखी १० विणायचे. इथे हमखास एक टाका जास्त विणला जातो, म्हणून मी ही ओळ घरी बसून विणते. आधीचे ११ टाके मोठ्या सेफ्टी पिनेत अडकवून ठेवा.

हातातल्या ११ टाक्यांवर, गळ्याची ती ओळ धरून, सहा ओळी विणा. सहावी ओळ गळ्याकडे संपते. तिथेच दोऱ्याचे पाच फास बोटानं सुईवर चढवा. झाले १६, पाठीच्या बरोबर निम्मे. आता तसंच खाली विणत या. खांद्यापासून २४ रेघा भरल्या की टाके बंद करा, हात सैल ठेवून. घट्ट बंद केलं तर पोटावरची कड आवळते आणि बंडी वर चढते.

दुसऱ्या बाजूला पिनेतले टाके सुईवर घ्या आणि नवा दोरा गळ्याकडून जोडा. इथे गळ्याकडे संपणारी ओळ पाचवी येते, सहावी नाही. तिथेच पाच फास चढवा आणि पुढे तसंच. एका ओळीचा फरक ढब्बूला कळत नाही, तुम्हीही मनावर घेऊ नका. मी मात्र पहिल्यांदा तो फरक घालवायला दोनदा उसवलं होतं.

आता बंडी खांद्यावर दुमडा. मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईनं दोन्ही कुशी खालून वर १२ रेघा शिवा, साखळीला साखळी जोडत. वरच्या १२ रेघा उघड्या राहतात, त्या हातासाठी. ढब्बूचा हात भरपूर गुबगुबीत आहे तरी आरामात जातो. दोऱ्यांची टोकं उलट्या बाजूनं रेघांमधून चार बोटं ओवून मगच कापा. नुसती गाठ मारून कापलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर डोकावतं.

गळ्याशी एका बाजूला गुंडी आणि दुसऱ्या बाजूला लोकरीचा छोटा फास. गुंडीसाठी आधी भोक ठेवायची कटकट नाही. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर गुंडी लावू नका, तोंडात जाते. त्यापेक्षा दोन्ही कडा गळ्याशी चार टाक्यांनी कायमच्या शिवून टाका, बंडी टेडीच्या अंगावर असतानाच.

इस्त्री करू नका. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की लोकर मरते, चकाकते आणि लोळागोळा होते. ढब्बूची तिसरी बंडी तशीच गेली, आता त्या कापडानं आमच्याकडे कुकरचं झाकण धरतात. कोमट पाण्यात धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि खाटेवर पसरून वाळवा. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनानं लांबते आणि पुढच्या वेळी ढब्बूच्या गुडघ्यांपर्यंत येते.