गोलमटोल फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

रावेरच्या एका ओळखीच्या भाऊंसाठी केळी वेफर्सचं पाकीट केलं होतं मी. पुढे 'केळी वेफर्स' मोदक फॉन्टमधे टाकलं, इतकं गोड दिसलं की मागची घटकांची यादीपण त्यातच लावली आणि तिथंच चुकलं. मोदकची अक्षरं एवढी जाड की आतली पोकळी नुसत्या बारीक रेघेएवढी उरते, मोठ्या साईजला तीच तर मजा आहे, पण सहा-सात पॉइंटला शाई थोडी पसरली की ती रेघ बुजते. 'मीठ' मधल्या ठ चा पार गोळा झाला होता, घ आणि ध मधला फरक कळेना. घटक वाचता येत नसतील तर खाणाऱ्याचं नुकसान आहे हो, म्हणून सगळी यादी दुसऱ्या फॉन्टमधे नव्याने केली.

मोदक दोन-तीन शब्दांपुरताच ठेवा, बाकी मजकूर मुक्ता या साध्या फॉन्टमधे. थोडा गोलवा हवाच असेल तर बलू २ घ्या, त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत ५ वजनं (म्हणजे अक्षराची जाडी) आहेत, मोदकला एकच. तिन्ही मुंबईच्या एक टाईपचे, गूगल फॉन्ट्सवर फुकट, आणि धंद्याच्या कामालाही चालतात.

फ्लेक्सवाल्यांची नेहमीची तक्रार म्हणजे पांढरी आउटलाईन दिली की शिरोरेषेवर दर अक्षराच्या सांध्यात उभी रेघ दिसते. कारण कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधे आउटलाईन प्रत्येक अक्षराला वेगळी लागते. आधी कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह्ज करा (अक्षरांचे आकार होतात, मग मजकूर टाईप करून बदलता येत नाही), मग वेल्ड करून सगळे आकार एकात जोडा, आणि त्यानंतरच आउटलाईन द्या. हो, कर्व्ह्ज करायच्या आधीची फाईल वेगळी सेव्ह करा, गिऱ्हाईक तारीख बदलतंच. आणि इंग्रजीसारखं अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते, शब्द सुटे पडल्यासारखे दिसतात.

फ्रेडोका किंवा कॉमिक सॅन्ससारखा इंग्रजी गोलमटोल फॉन्ट निवडून मराठी टाईप केलं तर अक्षरं साधीच येतात ना? त्या फॉन्टमधे देवनागरीच नाही, त्यामुळे कॉम्प्युटर गुपचूप निर्मला किंवा मंगल हे विंडोजमधले साधे देवनागरी फॉन्ट लावतो, तुम्ही कितीही वेळा फॉन्ट बदला. जुन्या फोटोशॉपमधे वेलांटी भलतीकडे गेली, जोडाक्षर फुटलं, तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा.

हे गोलमटोल अक्षर कुठे वापरायचं? बालवाडीचा बोर्ड, कुल्फीची गाडी, पहिला वाढदिवस, शेतातली भरीत पार्टी, बिनधास्त. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मात्र कधीच नाही, ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांना ते बघवत नाही. खानदेशातल्या कानबाईच्या उत्सवाच्या आमंत्रणात देवीच्या नावाला मला खेळकर अक्षर नको वाटतं, खाली 'रोटांच्या जेवणाला या' ही ओळ बलूमधे छान बसते.

पाकिटाचं काम असेल तर छापायला देण्याआधी खऱ्या साईजची प्रिंट काढा आणि घरातल्या आजींना वाचायला द्या, त्या अडखळल्या त्या शब्दाचा फॉन्ट बदला.