पुण्याची नोकरी सोडून इंदूरला आलात? रिटर्न एकच, फॉर्म १६ दोन

प्राप्तिकर केंद्र सरकारचा आहे, राज्याचा नाही. सहा महिने पुण्यात आणि सहा महिने इंदुरात पगार घेतला तरी पॅन एक, रिटर्न एक. शनिवारवाड्यापाशी बसून भरा की राजवाड्यापाशी, कर तेवढाच. राज्यागणिक बदलतो तो प्रोफेशनल टॅक्स. मध्य प्रदेशात त्याला वृत्तिकर म्हणतात.

घोळ होतो तो टीडीएसमध्ये, म्हणजे कंपनी पगारातून आधीच कापून भरते त्या करात. २०२५-२६ चे उदाहरण घ्या, नवी करप्रणाली. एप्रिल ते सप्टेंबर पुण्यात महिना १,२०,०००, ऑक्टोबर ते मार्च इंदुरात महिना १,३०,०००. पुण्याच्या कंपनीने वर्षाचा पगार १४,४०,००० धरून सहा महिन्यांत साधारण ४४,०७० रुपये कापले. इंदूरच्या कंपनीला मागचा पगार कळवणारा फॉर्म १२बी दिलाच नाही, म्हणून तिला फक्त ७,८०,००० दिसले. बारा लाखांच्या आत, कर शून्य! प्रत्यक्षात एकूण पगार १५,००,०००. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० एकदाच मिळते. दोन्ही फॉर्म १६ मध्ये (कंपनी देते ते पगार आणि टीडीएसचे प्रमाणपत्र) ती दिसते, म्हणून दोनदा धरू नका. उरलेल्या १४,२५,००० वर उपकरासह कर ९७,५००. म्हणजे ५३,४३० कमी पडले.

ही रक्कम १०,००० च्या वर असल्याने व्याजही लागते. कलम २३४बी खाली एप्रिलपासून दरमहा १ टक्का, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. जुलैत भरलेत तर त्याचेच २,१३६ रुपये. आगाऊ कराचे हप्ते वेळेत न भरल्याचे २३४सी चे व्याज वेगळे. तेव्हा ३१ जुलैची वाट पाहू नका, आकडा कळला की चलन भरून टाका.

आधी २६एएस आणि एआयएस (प्राप्तिकर खात्याकडची तुमच्या जमा कराची आणि उत्पन्नाची विवरणपत्रे) उतरवून घ्या आणि दोन्ही कंपन्यांचा टीडीएस त्यांत जमा दिसतो का ते पाहा. फॉर्म १६ मध्ये आहे पण २६एएसमध्ये नाही, तर त्या कंपनीला टीडीएस विवरण दुरुस्त करायला लावा. नाहीतर पोर्टल ते श्रेय देत नाही. मग दोन्ही पगार वेगवेगळ्या मालकांच्या नावे टाका, उरलेला कर ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’ म्हणून भरा आणि चलनाचा तपशील रिटर्नमध्ये आला का ते बघा.

वृत्तिकर कंपनीच कापून भरते, नोकरदाराला त्याचे वेगळे रिटर्न नाही. महाराष्ट्रात एवढ्या पगाराला महिना २००, फेब्रुवारीत ३००. मध्य प्रदेशात वर्षाला चार लाखांच्या वर पगार असला की ११ महिने २०८ आणि बाराव्याला २१२. वरच्या उदाहरणात पुण्याचे १,२०० आणि इंदूरचे १,२५२. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत, कलम १६ खाली. तिथे दोन्ही राज्यांची बेरीज टाका. नव्या प्रणालीत ती मिळत नाही.

पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय? ते भाडेही याच रिटर्नमध्ये. तुम्ही त्या वर्षात भरलेली घरपट्टी वजा करा आणि उरलेल्यावर ३० टक्के वजावट घ्या. भाडेकरूने भरलेली घरपट्टी चालत नाही.

रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. जुना पुण्याचा मोबाइल नंबर बंद केला असेल, तर आधारमधला नंबर आधी बदलून घ्या, नाहीतर ओटीपी येणारच नाही.