पुण्याला परत येताय? डिसेंबरातलं पुणे विसरा आणि या चुका टाळा

नऊ वर्षं आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टला राहिलो. दर वर्षी डिसेंबरात तीन आठवडे पुण्यात यायचो. हवा गार, रोज कुणाकडे तरी जेवण, फिरायला बाबांची गाडी, नळाला पाणी. या तीन आठवड्यांच्या भरवशावर आम्ही परत यायचं ठरवलं, घर घेतलं आणि शाळाही नक्की करून टाकली. मग जुलैच्या शेवटी सहा बॅगा आणि सात वर्षांची मुलगी घेऊन उतरलो, आणि लक्षात आलं की आपल्याला पुणे माहीत नाही, पुण्याचा फक्त डिसेंबर माहीत आहे.

खालच्या बहुतेक चुका आमच्या स्वतःच्या आहेत, काही आमच्यानंतर परतलेल्या मित्रमंडळींच्या. काही निस्तरता आल्या, काहींचे पैसे भरले.

घर डिसेंबरात बघून पसंत करणं

बाणेरचा फ्लॅट आम्ही डिसेंबरात पाहिला, डिसेंबरातच घेतला आणि भाड्याने दिला. भाडेकरू पाण्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. बोलतील कशाला? टँकरचा खर्च सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये धरलेला, आणि मेंटेनन्स आम्ही भरत होतो.

पावसाळ्यानंतर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं भरलेली असतात, त्यामुळे डिसेंबरात अख्खं शहर सुजलाम् दिसतं. खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये. बाणेर, उंड्री, वाघोली अशा झपाट्याने वाढलेल्या भागांत कितीतरी सोसायट्या तेव्हा टँकरवर जगतात. घर घेणार असाल किंवा भाड्याने बघत असाल, तर ब्रोकरला किंवा सोसायटीच्या अध्यक्षांना विचारू नका, वॉचमनला विचारा: मे महिन्यात रोज किती टँकर येतात? कॉर्पोरेशनचं पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात तेव्हा टाकी पुरते का? वॉचमन खरं सांगतो, कारण टँकर आला की गेट त्यालाच उघडायचं असतं.

रस्त्याचंही तसंच. सुट्टीत आपण अकराला निघतो आणि म्हणतो, "वीस मिनिटांत पोचलो की!" सोमवारी सकाळी नऊला, पाऊस पडत असताना, हिंजवडीकडे निघून बघा. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट मेट्रो झाल्यापासून काहींची सोय झाली आहे. तुमचं ऑफिस त्या मार्गावर आहे का, हे घर घेण्याआधी बघायचं असतं. आम्ही नंतर बघितलं.

आणखी एक गोष्ट स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिलेल्यांसाठी. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. भाडेकरू होते म्हणून ती गेलेली असेल, तर राहायला आल्यावर पुराव्यासह पीटी-३ अर्ज भरावा लागतो. आपोआप काही होत नाही. आम्ही एक बिल पूर्ण भरून मोकळे झालो.

"थोडे दिवस आई-बाबांकडे राहू"

हे वाक्य उच्चारताना "थोडे" म्हणजे किती ते ठरवा, आणि तारीख कॅलेंडरवर लिहा.

आमचे भाडेकरू सप्टेंबरात जाणार होते. करार ११ महिन्यांचा, नोटीस एक महिन्याची, कागदोपत्री सगळं आमच्या बाजूने. पण त्यांच्या मुलीची दहावी होती, आणि दहावी म्हटल्यावर पुण्यात घरमालकाचं तोंड बंद होतं. मार्चपर्यंत थांबलो. म्हणजे कोथरूडला सासरी, दोन बेडरूमच्या घरात, आठ महिने.

सासू-सासरे अतिशय मायेचे, हे आधीच सांगते. अडचण मायेची नव्हती, वेळापत्रकाची होती. जर्मनीतल्या बहुतेक मुलांसारखी आमची मुलगी संध्याकाळी साडेसातला झोपायची. इथे साडेसातला बाबा बातम्या लावायचे आणि नऊला पानं मांडली जायची. चौथ्या दिवशी आई म्हणाल्या, "अगं, साडेसातला पोरीला झोपवतात होय? मग आम्ही काय दिवे मालवून बसायचं?" त्यांचंही बरोबरच होतं. डिसेंबरात आम्ही पाहुणे असायचो. तेव्हा नात रात्री अकरापर्यंत जागायची, रोज बाकरवडी खायची आणि कुणी काही बोलायचं नाही. पाहुणी सून वेगळी आणि राहायला आलेली सून वेगळी, ओट्यावर हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

काय केलं असतं तर बरं झालं असतं? त्याच गल्लीत वन बीएचके भाड्याने घ्यायला हवा होता. पैसे गेले असते, पण जेवायला दोन्ही घरं उघडी राहिली असती. ते जमत नसेल तर निदान येण्याआधी फोनवर तीन गोष्टी बोलून घ्या: घरखर्चात आपला वाटा किती, आपली कुठली खोली, आणि घरून काम असेल तर दार कधी बंद असणार. आईंना वाटायचं, दार लावलंय म्हणजे सुनबाई रागावली. बिचाऱ्या बाहेर चहा घेऊन उभ्या, आणि मी आत जर्मन क्लायंटसमोर म्यूट शोधतेय.

तिकडचं दार नीट न लावणं

निघायच्या आधीचे तीन-चार महिने विचित्र असतात. अर्धं घर खोक्यांत, सोफा विकायला काढलेला, रोज कुणी अनोळखी माणूस दारात येऊन लॅम्प पाच युरोत मागतोय. मन पुण्यात आणि जिना पुसायची पाळी मात्र स्टुटगार्टात. तिकडे दर आठवड्याला एका बिऱ्हाडावर जिना झाडण्या-पुसण्याची पाळी येते, त्याला केअरवोखं म्हणतात, आणि पाळी संपली की दारावर पाटी अडकवून जातात. पाटी लावून शिस्त लावणारी माणसं जगात दुसरीकडेही आहेत, हे बघून मला पहिल्या वर्षीच बरं वाटलं होतं.

या गडबडीत कागदांकडे दुर्लक्ष होतं. भाड्याच्या घराची नोटीस तीन महिन्यांची असते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत लेखी पोचावी लागते. एक दिवस उशीर म्हणजे एक महिन्याचं भाडं. शहर सोडल्याची नोंद, म्हणजे आबमेल्डुंग, निघण्याच्या सात दिवस आधीपासून करता येते. तिची पावती जिवापाड जपा, कारण ती दाखवल्याशिवाय बाकीचं काही बंद होत नाही. टीव्ही-रेडिओची फी, महिना १८.३६ युरो, वेगळा अर्ज करून बंद करावी लागते. आमच्या एका मित्राने ती केली नाही आणि वर्षभर पत्रं त्याच्या जुन्या घरमालकाकडे जात राहिली.

बँकेचं खातं मात्र लगेच बंद करू नका. घराचं डिपॉझिट महिनोन् महिने परत येत नाही, आणि अर्धंच वर्ष नोकरी केलेली असल्याने शेवटच्या वर्षाचा इन्कम टॅक्स बऱ्याचदा परत मिळतो. हे पैसे युरोच्या खात्यातच सुखाने येतात.

पेन्शनचा परतावा मागायचा असेल तर नोकरी सुटल्यापासून २४ महिने थांबावं लागतं, आणि मिळतो तो फक्त आपला हिस्सा, कंपनीचा नाही. पेन्शनचे हप्ते ६० महिने भरले असतील तर घाई करू नका. परतावा घेतला की म्हातारपणच्या पेन्शनचा हक्क संपतो. आणि "जमलं नाही तर परत जाऊ" असा विचार असेल तर लक्षात ठेवा, कायम निवासाचा परवाना साधारणपणे सहा महिने बाहेर राहिलं की जातो. मुदत वाढवून हवी असेल तर निघण्याआधीच विचारा.

भारतातला मोबाइल नंबर मरू देणं

माझ्या मते सगळ्यात स्वस्तात टाळता येणारी आणि सगळ्यात जास्त छळणारी चूक हीच. प्रीपेड सिम रिचार्ज न करता ड्रॉवरमध्ये पडलं, की काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणालातरी मिळतो. आधार, पॅन, बँक, गॅस, सगळ्यांचे ओटीपी मग त्या अनोळखी माणसाकडे. नवऱ्याचा नंबर असा गेला. बँक म्हणे आधारवरचा नंबर बदला, आधारवाले म्हणे आधी रांगेत या, आणि रांगेसाठी ऑनलाइन वेळ घ्यायला नंबर हवा. तीन आठवडे गेले. रोमिंगवर चालेल असं छोटं पॅक निघायच्या दोन वर्षं आधीपासून चालू ठेवा.

लायसन्सही त्याच ड्रॉवरमध्ये असेल, तेही बघा. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त झालं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

पैशाचं "आल्यावर बघू"

कायमचं राहायला आलात की एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं) आणि एनआरओ (भारतातल्या उत्पन्नासाठीचं) ही अनिवासींची खाती तशीच चालवता येत नाहीत. बँकेला कळवून ती रहिवासी खात्यात बदलायची असतात. परकीय चलन परकीय चलनातच ठेवायचं असेल तर आरएफसी खातं उघडता येतं. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली मुदत ठेव, मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजाने चालू राहते, ती मोडायची गरज नाही. एनआरईचं व्याज करमुक्त असतं ते अनिवासी असेपर्यंतच. वर्षभर न कळवता बसलात तर पुढे हिशोब जुळवताना सीएची फी वाढते.

दुसरं, परत आल्याबरोबर परदेशातल्या कमाईवर इथे कर बसतो ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खोटी ठरते. मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिला असाल, तर तुम्ही "रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही" या गटात बसता, आणि तिकडच्या व्याजावर, शेअर्सवर इथे कर लागत नाही. ही सोय साधारण दोन-तीन आर्थिक वर्षं मिळते. ती संपली की परदेशातली सगळी खाती रिटर्नमध्ये दाखवावी लागतात. म्हणून प्रत्येक डिसेंबरच्या फेरीचे पासपोर्टवरचे शिक्के जपा, दिवस त्यावरूनच मोजतात.

आरोग्य विमा येण्याआधी घ्या. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बीपी-शुगर असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सगळं सामान आणणं

जर्मनीत आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज असते, त्यामुळे उपकरणं चालतात, फक्त पिन बदलावी लागते. अमेरिकेतून येणाऱ्यांनी मिक्सर, ट्रेडमिल, वॉशिंग मशीन तिथेच विकावं. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही, आणि ट्रेडमिलला लागणारा ट्रान्सफॉर्मर हा स्वतंत्र फर्निचरचा प्रकार आहे. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर दोन्हीकडे चालतात.

आमचं जर्मन वॉशिंग मशीन सुखरूप आलं आणि टँकरच्या जड पाण्याने सहा महिन्यांत रुसलं. पाणी तापेना. आतल्या रॉडवर क्षारांचा थर बसला होता. किराणा दुकानातून लिंबूफूल आणून, मशीन रिकामं ठेवून गरम पाण्यावर फिरवलं आणि ते सुरू झालं. आता दर दोन महिन्यांनी हा विधी असतो.

कंटेनर न्हावा-शेव्याला उतरतो आणि कस्टम्समधून सोडवायला मूळ पासपोर्ट लागतो. तो नेमका तेव्हा व्हिसासाठी दुसरीकडे दिलेला नसावा. बंदरातले फुकटचे दिवस संपले की भाडं चढत जातं. बॅगेजचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी आलेल्या मित्राची यादी चालवून घेऊ नका. आमचं सामान ऑगस्टात पोचलं. पुस्तकांची खोकी भिजली, बुरशी आली. पावसाळ्यात येणार असेल तर पुठ्ठा नको, झाकणाचे प्लास्टिकचे क्रेट घ्या.

शाळा: कागद आणि १ चा आकडा

तिकडे शाळा जुलैअखेर संपते. इथे सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये आणि राज्य मंडळाचं जूनमध्ये सुरू होतं. म्हणजे जुलैत आलात तर दोन-तीन महिन्यांचा अभ्यास बुडालेला, आणि जागा कुणाची बदली झाली तरच. चौकशी आदल्या दिवाळीपासून हवी. जन्मदाखला नुसता जर्मन नको. तिथल्या नोंदणी कार्यालयात अनेक भाषांतला आंतरराष्ट्रीय दाखला मिळतो, त्याच्या तीन प्रती घ्या. टीसी हा प्रकार तिकडच्या शाळांना माहीतच नाही. म्हणून मुख्याध्यापकांकडून कुठल्या इयत्तेत कधीपासून कधीपर्यंत होती एवढं इंग्रजीत लिहून घ्या, आणि शिक्का मारून घ्या. शिक्क्याशिवाय इथे काही होत नाही. मुलाचा पासपोर्ट परदेशी असेल तर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड, तिकडूनच काढा.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. आमची मुलगी मराठी फडाफडा बोलायची, पण वाचायला येत नव्हतं. निघण्याआधी वर्षभर रोज पंधरा मिनिटं बाराखडी गिरवली असती तर पहिल्या चाचणीतलं रडं टळलं असतं.

गणितात ती हुशार, तरी पहिल्या पेपरात दहापैकी चार. वही बघितली तर सगळी उत्तरं बरोबर. जर्मनीत १ चा इंग्रजी आकडा लांब शेंडी काढून लिहितात, आणि ७ च्या पोटात आडवी रेघ मारतात. बाईंनी तिचे सगळे १ हे ७ समजून चुकीचे धरले होते. मी वही घेऊन गेले, बाई हसल्या, गुण दिले. आठवडाभर आजोबांनी रोज संध्याकाळी बातम्या बंद ठेवून तिच्याकडून १ च्या शेंड्या कापून घेतल्या.