पात मागे राहिली तर राहू द्या: जुनं दुखणं आणि स्वतःशी वागणं

तीन महिन्यांहून जास्त टिकलं की ते जुनं दुखणं. त्यात बरेचदा मूळ इजा भरून आलेली असते, पण नसा हळव्या झालेल्या असतात आणि थोड्या कामालाही मोठी कळ देतात. झोप मोडली, घरात कटकट झाली की कळ वाढते. ‘माह्यानं आता काहीच होत नाही’ हे घोकणंही त्यातलंच. त्यानं अंग आखडतं, झोप उडते.

सगळ्यात मोठी चूक होते ती बऱ्या दिवशी. कंबर जरा मोकळी वाटली की दोन दिवसांचं निंदण एका दिवसात उरकायचं, मग तीन दिवस खाटेवर, आणि तिथं पडून स्वतःलाच शिव्या. हे थांबवायला माप लागतं. वाकून काम करताना किती मिनिटांनी दुखणं वाढतं, ते तीन दिवस मोबाइलवर पाहा. समजा २०, ३० आणि २५ मिनिटं आली. सरासरी २५. त्यातून पाचवा भाग कमी करा. २० मिनिटं ही तुमची हद्द. हद्द आली की पाच मिनिटं चाला किंवा टेका, दुखत नसलं तरी. बऱ्या दिवशीही तेवढंच. आठवडाभर जमलं तर दोन मिनिटं वाढवा.

निंदणात खरी अडचण लाजेची. सगळ्याजणी पात, म्हणजे आपापली पिकाची ओळ, धरून सोबत सरकतात आणि मागे राहिलेलीला बोल लागतो. म्हणून शेजारच्या पातीवरच्या बाईला सकाळीच सांगून ठेवा: ‘मी मधात मधात उठीन, तू थांबू नको.’ कापसाच्या वेचणीला मजुरी किलोवर, तिथं चाल आपल्या हातात. ओटी (कमरेला बांधलेली कापसाची झोळी) अर्धी भरली की रिकामी करा. भरलेली ओटी कंबर पुढे ओढते. पैसे थोडे कमी येतील, खरं आहे. पण हिशेबात खाटेवरचे तीन दिवसही धरा.

मनातल्या शिव्यांचं काय? शिवी जशीच्या तशी कागदावर लिहा. मग हेच दुखणं जावेला असतं तर तिला काय म्हटलं असतं, ते खाली लिहा. ‘सगळं छान होईल’ असलं लिहू नका, मन ते मानत नाही. ‘आज कंबर लय दुखून राहिली. म्हणून मी आळशी नाही. भाकरी टाकून दहा मिनिटं टेकते.’ एवढं पुरे. लिहिता येत नसेल तर पुटपुटा. सुरुवातीला कोणाकोणाला रडू फुटतं. त्यात बिघडलं काही नाही, त्या दिवशी तिथंच थांबा.

रात्री चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. दुखऱ्या जागेवर लक्ष गेल्यानं त्रास वाढला तर तळपायांकडे न्या.

घरी ‘बरं नाही’ म्हटल्यानं कोणाला काही कळत नाही. ‘स्वयंपाक मी करते, पाण्याची घागर तुम्ही आणा’ असं नेमकं मागा.

पाय बधिर पडला, लघवीवर ताबा राहिला नाही किंवा दुखण्यासोबत ताप आला तर माप-बिप सोडून लगेच दवाखाना. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्यांनी छातीत दुखलं तरी थांबू नये. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी रोज खाल्ली तर किडनी आणि पोट बिघडू शकतं. जगणं नकोसं वाटू लागलं तर टेली-मानस या मन हलकं करायच्या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवून विश्वासातल्या माणसाकडे ठेवायला सांगा.