पोट साफ होत नाही? या चुका टाळा

औषधाच्या काउंटरमागे उभं राहून रोज ऐकतो, "काल संडास झालीच नाही, काहीतरी स्ट्राँग द्या." अहो, दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. मळाचे खडे होतायत, कुंथावं लागतंय, तर बद्धकोष्ठता म्हणा.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक जुलाबाच्या गोळीची. बिसाकोडिल रात्री घेतली की 6 ते 12 तासांत आतडं धुऊन निघतं. मग दुसऱ्या दिवशी येणार कुठून? पुन्हा साठायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा धीर नसतो, माणूस दुसऱ्या गोळीसाठी हजर! आणि ती दुधाबरोबर घेऊ नका. वरचं आवरण जठरातच विरघळतं आणि मुरडा येतो.

इसबगोलवाले याच्या उलट. चमचाभर तोंडात टाकून वर घोटभर पाणी. ते फुगतं, घशात अडकू शकतं. मी भरलेल्या ग्लासात ढवळून लगेच पितो, वर आणखी पाणी. गुण यायला 1 ते 3 दिवस लागतात, सकाळीच चमत्कार मागू नका.

आता माझीच चूक. एका आजोबांचं खुब्याचं हाड मोडलेलं, अंथरुणावर पडून, वेदनेसाठी ट्रामाडोल चालू. मुलगा म्हणाला, "सारखे पातळ जुलाब होतायत." मी जुलाब थांबवायची गोळी दिली. आधी किती दिवस झाली नव्हती, हे विचारलंच नाही. आत दगडासारखा गोळा अडकलेला आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत होतं. शेवटी डॉक्टरांनी बोटाने काढला. तेव्हापासून आधी चालू औषधांची यादी मागतो. ट्रामाडोल, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या, बीपीचं व्हेरापामिल, सगळ्यांनी पोट बांधलं जातं. मात्र गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

बाकीचं थोडक्यात. शौचाची कळ आली की दाबून ठेवू नका. नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हाच बसा, मोबाइल बाहेर ठेवून. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या. खाण्यातला चोथा हळूहळू वाढवा, एकदम वाढवलात तर पोट फुगेल.

रक्त पडतंय, वजन उतरतंय, पन्नाशीनंतर अचानक सवय बदललीय, तर तपासणी करा. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतायत, तर तडक हॉस्पिटल. अशा माणसाला मी इसबगोलसुद्धा विकत नाही.