जुनी वाकिझाशी: काय बघायचं, काय अजिबात करायचं नाही

वाकिझाशी म्हणजे जपानी छोटी तलवार. जुनी हाती आली की पहिला विचार नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत नेऊन बफ मारून (फिरत्या चाकावर चकाकी देऊन) आणायचा येतो. तेवढं टाळा. बफने पात्याच्या कडा गोल होतात, जास्त तापलं तर धारेचा टणकपणाही जातो, आणि गेलेलं पोलाद परत येत नाही.

आधी लांबी मोजा: टोकापासून, पातं मुठीला मिळतं तिथल्या पाठीवरच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. ३०.३ सेंमीच्या आत असेल तर तांतो, म्हणजे कट्यार, तिथून ६०.६ सेंमीपर्यंत वाकिझाशी.

मग मूठ उतरवा. पातं म्यानाबाहेर काढा. मुठीत आरपार गेलेली बांबूची खुंटी म्हणजे मेकुगी. ती निमुळती असते, म्हणून बारीक टोकाकडूनच पितळी टोच्याने हलकेच ठोकायची. आता मूठ डाव्या हातात, पातं तिरकं वर, धार आपल्यापासून लांब. उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोसे द्या. सुरुवात हळू, कारण तांतोसारखं आखूड पातं एकदम उडून बाहेर येतं.

मुठीत दडलेला भाग, नाकागो, हीच खरी कुंडली. तिथला काळपट गंज घासायचा नाही, पॉलिश पेपर तर नाहीच. वयाचा अंदाज त्यावरूनच बांधतात. कानशीचे ओरखडे बघा. एकापेक्षा जास्त भोकं असतील तर पातं बहुधा नंतर आखूड केलंय. सहीवर भुलू नका, नामवंत लोहारांच्या खोट्या सह्या भरपूर आहेत.

धारेलगतची पांढुरकी नक्षी म्हणजे हामोन. पाणी देण्याआधी (तापवून पाण्यात बुडवण्याआधी) पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. धार झटकन थंड होऊन कडक होते. खोलीत एकच बल्ब ठेवा, पातं त्याच्याकडे रोखून किंचित हलवा. उजेडाच्या कडेला बारीक कण किंवा धुकं चमकलं तर चांगलं. नुसता सपाट पांढरा पट्टा दिसला तर अॅसिडने काढलेला असू शकतो.

तेल खनिजच, शिलाई मशीनचं शुद्ध हलकं तेल चालतं. खोबरेल चिकट होऊन बसतं. मऊ कापडाने पाठीकडून धरून टोकाच्या दिशेने पुसा, नंतर जेमतेम ओलावेल इतकाच तेलाचा हात द्या; थेंब जमले तर म्यानातलं लाकूड ते पितं. नाशिकच्या पावसाळ्यात महिन्याला एकदा बघाच. खंडेनवमीला हळदकुंकू म्यानाला लावा, पात्याला नको: ओल धरून डाग पडतात. आणि विकत घेणार असाल तर आधी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो का, ते पोलीस आयुक्तालयात विचारून घ्या.